नेरलगीच्या चुलींची यादी

एकतीस तारखेनंतर भुवनेश्वरी काय करणार, हा प्रश्न नीलांबिकेच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. दूध तापवताना तो यायचा, पूजेला बसली की यायचा, आणि दुपारी धारवाडच्या त्या दोन खोल्यांत ती एकटी असली की समोर मांडी घालून बसायचा. नेरलगीचं काम एकतीसला संपणार होतं. त्यापुढे कागदावर काहीच नव्हतं. मुलगी एकोणतीस वर्षांची झाली होती. पाच वर्षांत तिच्या चार नोकऱ्या झाल्या, आणि चारही नोकऱ्यांना पहिल्या दिवसापासून शेवटची तारीख ठरलेली होती.

नवऱ्याला विचारावं तर तो पोस्टातून येऊन चपला काढता काढता म्हणायचा, "तिचं ती बघेल." त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. म्हणूनच ती बघेल म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हती, असं नीलांबिकेचं म्हणणं.

आणि या खेपेला तिच्या काळजीला आणखी एक गाठ बसली होती. धाकटा भाऊ रेवण्णा एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मुख्य कारकून होता. संस्थेच्या शाळेत प्रवेश-विभागात एक जागा निघाली होती. वर्षभरात कायम, दहा ते पाच, घरापासून चालत पंधरा मिनिटं. रेवण्णाने सचिवांच्या कानावर घातलं होतं. "अक्का, सोमवारी अर्ज सहीसकट माझ्या टेबलावर पाहिजे," तो म्हणाला होता. "मी माझा शब्द टाकलाय. भुवना येईल ना? नंतर तोंडघशी पाडू नका."

नीलांबिका म्हणाली होती, "येईल."

भुवनेश्वरीला तिने विचारलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं.

भुवना लहानपणापासून दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात सापडायची. गल्लीत लग्न असलं की बाकीची पोरं मांडवात, आणि ही मागे आचाऱ्याच्या बायकोजवळ, तुमच्या घरी आधी कोण जेवतं ते विचारत बसलेली. शाळेत तिला बरे गुण पडायचे. गणितात नाही, पण बाकी सगळ्यात. समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, कारण नीलांबिकेनेही बी.ए.ला समाजशास्त्रच घेतलं होतं. तिच्या वेळी त्या वर्गात बहुतेक मुली लग्न ठरेपर्यंत बसायच्या. तीही बसली, तिचंही ठरलं. भुवना मात्र पुढे एम.ए.ला गेली, आणि तेही मानवशास्त्र घेऊन. तिथून घरात बोलाचाली सुरू झाल्या.

रेवण्णाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, त्या दिवशी ही विद्यापीठातून डोकं मोजायचा लोखंडी चिमटा घेऊन आली. अभ्यासासाठी तीस डोकी हवी होती, आणि एवढे नातेवाईक एका जागी पुन्हा कधी मिळणार. जेवणाच्या पंगती बसायच्या आत तिने एकतीस डोकी मोजली. सासरे तेव्हा होते. त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला, चिमटा लावून घेतला आणि विचारलं, "मापात बसतंय ना? बसत नसेल तर या वयात ठोकून सरळ व्हायचं नाही." ते हसण्यावारी गेलं. पण नणंद जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "स्थळं येतात ती मुलीचं डोकं तपासायला, हे माहीत होतं. मुलगीच सगळ्यांची डोकी तपासते, हे आमच्या वहिनीच्या घरी पाहिलं." तेव्हापासून भाऊबंदांत भुवनाच्या शिक्षणाचं नाव 'कवट्या' असं पडलं. कवट्यांचं झालं का? कवट्यांना पगार किती देतात?

पगार द्यायचे, पण थोडे आणि थोडे दिवस. आधी आठ महिने एका संग्रहालयात. तिथे बैलांच्या गळ्यातल्या घंटा, मापटी, जुने पाटे-वरवंटे होते, आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी लिहायचं काम हिच्याकडे. मग एका साबणाच्या कंपनीने नेलं. बेळगाव भागातल्या दोनशे न्हाणीघरांत जाऊन, कोण कुठला साबण लावतं ते बघायचं. त्या कामात पैसे सगळ्यांत बरे होते. भुवनाने घरी येऊन सांगितलं, की एका घरात सहा माणसं आणि पाच साबण, आणि सून कुठला लावते ते तिलाच विचारलं तर म्हणाली, उरलेला. नीलांबिकेला ते ऐकून हसू आलं होतं, आणि मग ओसरलं होतं. त्यानंतर एका दवाखान्यात क्षयरोगाच्या गोळ्या लोक तिसऱ्या महिन्यात का सोडतात, ते शोधायचं. डॉक्टर म्हणत होते लोक अडाणी आहेत. भुवना चार गावांत राहून आली आणि म्हणाली, गोळ्या मंगळवारी वाटता आणि मंगळवारी तिकडे बाजार असतो. दवाखान्याने वार बदलला. मग पैसे संपले म्हणून भुवनाची जागाही संपली.

तिच्या वर्गातल्यांचा हिशेब नीलांबिकेला पाठ होता. एकजण राज्य सेवेची परीक्षा पास होऊन तहसीलदार झाला. एक बेंगळूरला मोबाइलच्या कंपनीत आहे आणि म्हाताऱ्या माणसांची बोटं फोनवर कशी चालतात ते बघायचा त्याला भरपूर पगार मिळतो. दोघी शिकवतात. एक दुबईला नवऱ्याकडे. सगळ्यांचं काही ना काही मार्गी लागलं. हिचंच कुठे लागलं नाही, आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. निदान चेहऱ्यावर दिसत नाही.

म्हणून शनिवारी सकाळी नीलांबिकेने अर्ज पिशवीत घातला, वर भाकऱ्यांची चळत आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवला, आणि बागलकोटची बस धरली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. समोर बसून सही घ्यायची होती.

नेरलगीच्या फाट्यावर भुवना उभी होती. काळीसावळी झाली होती. ओढणी कमरेला बांधलेली, खांद्याला कापडी पिशवी.

"अव्वा, एवढ्या भाकऱ्या? मी इथे उपाशी आहे का?"

"चेहऱ्यावरून तसंच वाटतं."

"चेहरा तुझ्यासारखा आहे, त्याला मी काय करू. चल लवकर. गौरव्वाच्या सुनेचा आज कुबुस आहे, डोहाळजेवण. सातवा महिना. तुलाही बोलावलंय."

"मला कोण ओळखतं इथे?"

"सगळ्या ओळखतात. तुझ्या चटणीपासून बाबांच्या सायकलीपर्यंत सगळं विचारून झालंय त्यांचं. मी एकटीनंच का विचारायचं?"

फाट्यापासून गाव दीड किलोमीटर. चालता चालता भुवनाने सांगितलं ते नीलांबिका आधी नीट ऐकतही नव्हती. अर्जाचं कसं काढावं, याची ती मनात जुळणी करत होती. मग एका वाक्याला ती थांबली.

"या गावात त्र्याहत्तर घरं मेलेल्या माणसांच्या नावावर आहेत, अव्वा."

"म्हणजे?"

धरणाचं मागचं पाणी दोन वर्षांत नेरलगीत येणार होतं. गाव वर माळावर हलणार. लग्न झालेल्या प्रत्येक भावाला, चूल वेगळी असेल तर, वेगळी जागा, असा नियम. कुटुंबांची पहिली मोजणी बेंगळूरच्या कुठल्याशा ठेकेदाराने केली, आणि ती यादी पडताळायला आता भुवनाला नेमलं होतं. त्याची पोरं मार्च महिन्यात आली. मार्चमध्ये नेरलगीतले पुरुष गोव्याला नाही तर मंगळूरला, बांधकामावर. घरात बायका. पोरांनी विचारलं, कुटुंबप्रमुखाचं नाव सांगा.

"आता बाई नवऱ्याचं नाव कसं घेणार? शेजारणीला विचार म्हणाली. शेजारणीच्या सासऱ्याचंही तेच नाव. ग्रामदेव हणमंत, त्यामुळे अर्धं गाव हणमप्पा. ती तरी कशी घेणार? मग बाई आत गेली आणि लाइटबिल आणून दिलं. हे घ्या, यात आहे सगळं."

"मग?"

"लाइटबिल सासऱ्याच्या नावावर. सासरा बारा वर्षांपूर्वी गेलेला. पोरांनी तेच लिहिलं. तीन भाऊ, तीन चुली, आणि यादीत एक मेलेला म्हातारा. जागा एक." भुवना पायाने खडा उडवत म्हणाली, "लिहिणारी पोरं आपल्याकडचीच होती. त्यांच्याही आया नाव घेत नसतील. पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही."

"तुला तरी कसं कळलं?"

"मलाही पंधरा दिवस लाइटबिलंच मिळाली. मग एकदा गौरव्वाकडे भाकऱ्या थापत होते. भिंतीवर हार घातलेला फोटो, खाली नाव. तेच नाव माझ्या यादीत कुटुंबप्रमुख म्हणून. पुरुषांना फोन लावला तर म्हणतात, लाइटबिल दिलंय ना, मग बरोबरच असेल."

हरकती द्यायला एकतीसपर्यंत मुदत होती. त्यानंतर यादी कायम होणार. नीलांबिकेला तेव्हा समजलं, की ती ज्या तारखेला घाबरत होती, त्या तारखेला हे सगळं गावच घाबरलेलं आहे. पण पिशवीतला अर्ज तिने विसरायचा नाही असं ठरवलं होतं, आणि ती तो विसरलीही नाही.

गौरव्वाचं घर बायकांनी भरलं होतं. मधोमध पाटावर सून हिरवी इरकल साडी नेसून, खणाची चोळी घालून, मान खाली घालून बसलेली. सात प्रकारचे भात, पुरणाच्या होळिगी, भरली वांगी. गौरव्वा सत्तरीची, पाठीत वाकलेली, आवाज मात्र सरळ. तिने नीलांबिकेला हाताला धरून भिंतीशी बसवलं.

ओटी भरून झाली तशी भुवना उभी राहिली. हातात वही. नीलांबिकेला वाटलं, आता ही भाषण देते की काय.

"अक्कांनो, गौरव्वानं सांगितलंच आहे, पण मी पुन्हा सांगते," ती म्हणाली. "आज उखाणे होतील. तुम्ही नावं घ्याल, ती मी लिहून घेणार आहे. चूल वेगळी की एकत्र, तेही विचारणार आहे. ते हरकतीच्या कागदावर जाईल. सही तुमची, नाही तर अंगठा. ज्यांना लिहून द्यायचं नाही त्यांनी उखाणा घ्या, जेवा, मजा करा. मी लिहिणार नाही."

एक बाई पदर तोंडावर धरून म्हणाली, "आणि सरकार आमच्यावर हसलं तर?"

"हसू दे. मी म्हणेन, साहेब, घरी जाऊन आधी बायकोला तुमचं नाव विचारा."

हशा झाला. मग गौरव्वाच्या थोरल्या सुनेला पुढे ढकललं. तिने आढेवेढे घेतले, घसा साफ केला.

"नदीकाठच्या मळ्यात तांबडी तांबडी मिरची,
दुर्गप्पांना बसायला घरात एकच खुर्ची."

"आणि ती पण माझ्या बुडाखाली," गौरव्वा म्हणाली.

"चूल?" भुवनाने विचारलं.

"वेगळी."

"कधीपासून?"

"नागपंचमीला तीन वर्षं झाली. का झाली ते विचारू नको, सासूबाई समोर बसल्यात."

"विचार की," गौरव्वा म्हणाली. "मीठ कुणी जास्त घातलं होतं ते पण लिही."

मग दुसरी उठली. तिचा नवरा मडगावला होता.

"गोव्याला जाते गाडी, लोंढ्याला थांबते,
भीमशप्पांच्या फोनाची वाट बघत रांधते."

एकीचं झालं की दुसरीला चेव येई. कुणी जुनाच उखाणा घेतला, कुणी अर्ध्यात विसरली आणि नुसतं नाव टाकून खाली बसली, तिला पुन्हा उठवलं. एका म्हातारीने मेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि वर म्हणाली, "हा गेलाय हं. नाही तर पुन्हा त्यालाच जागा द्याल." भुवना मांडीवर वही ठेवून लिहीत होती. वहीत ओळी नव्हत्या. झाडासारख्या फांद्या होत्या. वर म्हातारा, खाली तीन भाऊ, प्रत्येक भावाशेजारी त्याची बायको, आणि बायकोच्या नावाखाली चुलीची लहानशी खूण. नीलांबिकेने ती आकृती पाहिली होती. एम.ए.च्या वेळी भुवना असलीच चित्रं काढून भिंतीला चिकटवायची, आणि नीलांबिका घर आवरताना ती काढून रद्दीत टाकायची.

"आता धारवाडच्या बाईंचा," कुणीतरी म्हणालं.

"मला नाही येत," नीलांबिका म्हणाली. "आमच्यात आता कुणी घेत नाही."

"म्हणजे तुम्ही नुसतं नाव घेता?"

एकतीस वर्षं नीलांबिका नवऱ्याला 'अहो' म्हणत होती, आणि लोकांसमोर 'भुवनाचे बाबा'. गॅसच्या पुस्तकावर, बँकेत, कुठेही विचारलं तरी ती कागद पुढे करायची. हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. सगळ्या बघत होत्या. भुवनाही लिहिणं थांबवून बघत होती, ओठ दाबून.

"पोस्टाच्या पिशवीला लाखेचा ठसा," नीलांबिका हळू म्हणाली. पुढचं आपोआप आलं.

"विरूपाक्षांच्या लेकीनं हा धरलाय कुठला वसा."

बायका हसल्या, एकीने तर टाळीच दिली. भुवना हसली नाही. तिने मान खाली घातली आणि वहीचं पान उलटलं.

पुढची पाळी दाराजवळ बसलेल्या एका बाईची होती. चाळिशीची, हाताला राख लागलेली. ती नुसती बसून राहिली. शेजारीण म्हणाली, "फकीरव्वाला सोडा. तिचा गोव्यात आहे. तिथं दुसरी केलीय." भुवनाने काहीच विचारलं नाही. जणू ऐकलंच नाही, अशी तिच्या पुढच्या बाईकडे वळली. फकीरव्वा उठून मागच्या अंगणात गेली.

जेवणं झाल्यावर नीलांबिका हात धुवायला मागे गेली, तेव्हा तिथे फकीरव्वा भांडी घासत होती आणि भुवना तिच्याजवळ उकिडवी बसून तवा घासत होती. घरी या मुलीला तवा घासायला सांगितलं तर दोन तास लागायचे. नीलांबिका रांजणाच्या आडोशाला थांबली.

"यादीत माझं घर कुणाच्या नावावर आहे?" फकीरव्वा विचारत होती.

"दिराच्या."

"आणि मी?"

"त्यांच्या कुटुंबात. 'इतर' म्हणून."

"इतर," फकीरव्वा म्हणाली आणि पातेलं उलटं करून बूड घासू लागली.

"नियमात एक आहे अक्का. नवऱ्यानं सोडलेल्या बाईचं कुटुंब वेगळं धरता येतं. तिच्या नावावर जागा मिळते. पण ते मी आपणहून लिहिणार नाही. एकदा लिहिलं की चावडीवर वाचलं जातं, सगळ्यांच्या कानावर जातं. तुला तसं चालणार असेल तरच."

"लोकांना ठाऊकच आहे."

"ठाऊक असणं वेगळं, वाचून दाखवणं वेगळं."

फकीरव्वाने पातेलं विसळून बाजूला ठेवलं. "आज नको," ती म्हणाली.

"बरं. बुधवारी मी शेतावर येते. तेव्हाही नको म्हणालीस तरी चालेल."

भुवनाने तवा विसळून पालथा घातला आणि उठली. ती दारापर्यंत पोचली असेल, तेवढ्यात मागून फकीरव्वा म्हणाली, "लिही. फकीरव्वा. चूल वेगळी, सहा वर्षं. शेण-माती मी स्वतः कालवली तिची."

भुवना परत फिरली, खाली बसली आणि नवं पान काढलं. पानाच्या सगळ्यात वर तिने एकच नाव लिहिलं आणि खाली चुलीची खूण केली.

घरात गौरव्वा पानाची चंची उघडून बसली होती. नीलांबिका जवळ बसली तशी म्हणाली, "पोरगी तुमची चांगली आहे हो. लवकर कंटाळत नाही."

"नोकरी कायमची नाही तिची," नीलांबिकेच्या तोंडून निघून गेलं. "लोक विचारतात काय करते. मला सांगता येत नाही."

"त्यात न सांगण्यासारखं काय आहे?" गौरव्वाने चुना लावला. "कोण कुणाचं ते लिहिते. आम्हाला ठाऊक होतं, सरकारला ठाऊक नव्हतं. कुणीतरी मधे पाहिजेच की."

भुवनाची भाड्याची खोली शाळेच्या मागे होती. दिवेलागणीला दोघी ओट्यावर बसल्या. धारवाडच्या भाकऱ्या, इथली वांगी. नीलांबिकेने अर्ज पिशवीतून काढला, आणि आता काढलाच आहे म्हणून सगळं सांगून टाकलं. जागा, पगार, सोमवार. सचिवांचं नाव. भुवना खाता खाता ऐकत होती.

"वाईट नाही गं," ती म्हणाली. "मी विचार करते."

"विचार करायला वेळ कुठाय. मी रेवण्णाला हो म्हणून बसलेय."

"माझ्या वतीनं?"

"तू घरी नव्हतीस."

"फोन होता माझ्याकडे."

समोर कुणाची तरी शेळी कुडाला अंग घासत होती.

"अव्वा, इथे मी बाईला विचारल्याशिवाय तिच्या नवऱ्याचं नावसुद्धा लिहीत नाही," भुवना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "आणि माझं नाव तू मामाच्या कागदावर लिहून आलीस."

"तुझ्या काळजीपोटीच ना. एकतीसनंतर काय, सांग मला. काय करणार आहेस?"

"माहीत नाही. पलीकडची तीन गावं आहेत, तिथेही असंच लाइटबिलांचं झालंय. इथल्या हरकती टिकल्या तर बहुतेक मलाच बोलावतील. बहुतेक. नाही बोलावलं तर दुसरं शोधेन." तिने भाकरीचा तुकडा ताटात फिरवला. "मला भीती वाटत नाही असं समजू नको. दर वेळी वाटते. शेवटच्या महिन्यात झोप लागत नाही. पण मला हे येतं, अव्वा. बाकी कशात मी बरी आहे, ते मला माहीत नाही, पण यात मी बरी आहे."

"शाळेतलं काम तुला जमणार नाही असं थोडंच आहे."

"जमेल की. मामानं मला विचारलं असतं तर कदाचित हो म्हणालेही असते. आता तो म्हणेल, तुझ्या आईनं हो म्हटलंय. मग मी नाही म्हटलं तर तू खोटी, आणि हो म्हटलं तर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि ताट उचललं. "मामाला नाही म्हणायचं तर मी म्हणेन. पण हो तू म्हटलंयस. ते परत घ्यायचं काम माझं नाही."

भुवनाने अर्ज घडी घालून आईच्या पिशवीत ठेवला. सही केली नाही, फाडलाही नाही. झोपताना तिने स्वतःची जाड चादर आईच्या अंगावर घातली.

रविवारी सकाळी ती फाट्यापर्यंत सोडायला आली. बस दिसली तेव्हा म्हणाली, "बाबांना सांग, त्यांचं नाव नेरलगीत झालंय."

"सांगेन."

"खरंच सांगशील?"

"बघू," नीलांबिका म्हणाली, आणि दोघींना थोडं हसू आलं.

बागलकोटच्या स्थानकावर धारवाडच्या बसला चाळीस मिनिटं होती. नीलांबिका सिमेंटच्या बाकावर बसली. काळजी गेली होती असं नाही. ती पिशवीसारखी शेजारीच होती. तीन गावं मिळतील की नाही, कोण जाणे. नणंद पुढच्या लग्नात पुन्हा कवट्यांचं विचारणार. पण तिच्या डोळ्यांपुढे सारखं ते पान येत होतं, वर एकच नाव असलेलं, आणि ते लिहायच्या आधी तवा विसळून ठेवणारी भुवना. 'तेव्हाही नको म्हणालीस तरी चालेल.' असं आपण या मुलीला कधी म्हणालो? कॉलेजात घातलं तेव्हा, स्थळं आली तेव्हा, आणि आता हे. प्रत्येक वेळी नीलांबिकेने आतून कागद आणून पुढे केला होता.

रेवण्णा रविवारी या वेळेला घरीच असतो, पेपर वाचत. तो आधी हसेल, मग चिडेल. सचिवांसमोर माझं काय तोंड राहिलं, म्हणेल. ते त्याचं खरंच असेल. पंचमीला येणार नाही कदाचित. माहेरचा एवढा एकच दुवा उरला होता, आणि त्याने जे केलं ते चांगल्याच मनाने केलं होतं. त्याला सांगायचं, की चूक माझी, भुवनाने तुला काहीच कबूल केलेलं नाही, मी तिला न विचारता बोलले. जागा तिच्यासाठी अडवून ठेवू नकोस. आणि तरीही तिला विचारायचं असेल तर तूच विचार, तिच्या नंबरावर.

घरी पोचून शांतपणे करू, असं तिला एकदा वाटलं. पण घरी गेलं की चहा होईल, हे येतील, कुणीतरी भेटायला येईल, आणि सोमवार उजाडेल. तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि चटणीच्या रिकाम्या डब्याखालून फोन बाहेर काढला. बस लागायच्या आत, इथूनच, रेवण्णाला फोन करायचा.